रानरेड्यासाठी काडतूस कुठलं? .३७५, .४१६ की .४५८?

जोबर्गकर
नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी जोहान्सबर्गला असतो. ऑफिसातला एक आफ्रिकानर सहकारी दर हिवाळ्यात लिंपोपो प्रांतात शिकारीला जातो. यंदा नुसतं सोबत चल असं म्हणाला नाही, चाप तूच ओढ म्हणाला. जनावर केप बफेलो, इथला रानरेडा. कळपातून बाहेर पडलेला, म्हातारा झालेला नर मारायचा. वजन सातशे किलोच्या आसपास.

त्याच्या तिजोरीत दोन रायफली आहेत: .३७५ एच अँड एच मॅग्नम आणि .४५८ विंचेस्टर मॅग्नम (आकडा म्हणजे साधारण नळीचा व्यास, इंचांत). रानमालकाकडे .४१६ रिग्बी आहे, तो वापरायला देतो म्हणाला. परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली त्याची रायफल चालवता येते, तेव्हा तो प्रश्न नाही. माझा अनुभव म्हणजे एनसीसीतली .२२ आणि इथे .३०८ ने मारलेले इंपाला हरीण. एवढंच.

तिघांतलं कुठलं घेऊ? नेटवर दहा जणांची अकरा मतं आहेत. शिकार चांगली की वाईट यावर कृपया वेगळा धागा काढा.

बाकरवडी
जागा धरून बसतोय. शेंगदाणे कुणी आणलेत?

वनराई
वेगळा धागा कशाला, इथेच विचारते. ज्याच्या अंगावर धावून येण्याच्या ख्यातीवर एवढी जाहिरात चालते, ते जनावर आधी कुंपणात का ठेवलंय?

जोबर्गकर
@वनराई, प्रश्न रास्त आहे. इथे १९९१ च्या कायद्याने कुंपणातल्या वन्य जनावरांची मालकी जमीनमालकाला मिळते. त्यानंतर कितीतरी शेतकऱ्यांनी गायीगुरं काढून हरणं आणि रेडे पाळले. आमचं रान हजारो हेक्टरचं आहे, रेडा दिवसभर दिसतही नाही म्हणतात. पण कुंपण आहे, हे खरं.

वनराई
म्हणजे मोठ्या गोठ्यातली शिकार. असो. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली, ती आजही बंदच आहे. वाचत राहीन.

मिसळसम्राट
आणि बोत्सवानाने २०१४ ला बंद करून २०१९ ला परत चालू केली, कारण हत्ती शेतात घुसून लोकांना मारायला लागले होते. दोन्ही बाजूंनी उदाहरणं देता येतात. मूळ प्रश्नाकडे वळूया का?

खडकीकर
हयात दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली, म्हणून दोन शब्द. शिकारीचा अनुभव नाही, काडतुसाचा आहे.

काडतूस म्हणजे पितळी केस, दारू पेटवणारी टोपी, दारू आणि गोळी. भांडणं होतात ती नळीच्या व्यासावरून, आणि जनावराच्या आत काम करायचं असतं गोळीने. तेव्हा आधी तिघांचे आकडे मांडतो.

.३७५ एच अँड एच, सन १९१२. ३०० ग्रेनची गोळी, सेकंदाला २५३० फूट. ऊर्जा सुमारे ५८०० जूल.
.४१६ रिग्बी, सन १९११. ४०० ग्रेन, २४०० फूट. ६९०० जूल.
.४५८ विंचेस्टर, सन १९५६. ५०० ग्रेन, कागदावर २१३० फूट. ६८०० जूल.

ग्रेन डोळ्यांसमोर येत नसेल तर १८० ग्रेनचा एक तोळा धरा. .३७५ ची गोळी दीड तोळ्याच्या थोडी वर, .४५८ ची पावणेतीन तोळे. आणि .६०० नायट्रो एक्सप्रेस नावाचं जे धूड आहे त्याची गोळी ९०० ग्रेन, म्हणजे बरोब्बर पाच तोळे!

'कागदावर' असं का लिहिलं ते सांगतो. .४५८ ची केस मुद्दाम आखूड ठेवली होती, साध्या लांबीच्या रायफलीत बसावी म्हणून. तेवढ्याशा केसमध्ये हवी तेवढी दारू मावेना, म्हणून ती दाबून भरली. दाबलेली दारू वर्षानुवर्षं पडून राहिली की तिचा गठ्ठा होतो आणि ती नीट जळत नाही. मग २१३० च्या जागी दोन हजारही फूट मिळत नाहीत. सत्तरच्या दशकापर्यंत आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांनी यावरून बोंब मारली होती. जॅक लॉट नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याला मोझांबिकमध्ये रेड्याने घोळसलं होतं. त्यानेच पुढे १९७१ मध्ये .३७५ ची लांब केस घेऊन .४५८ लॉट बनवलं: तीच गोळी, २३०० फूट. आजची दारू सुधारली आहे, नवा माल असेल तर घाबरायचं कारण नाही. पण मित्राची काडतुसं बापाच्या वेळची असतील तर हात लावू नका.

.४१६ रिग्बीची गोष्ट उलटी. तिची केस भलीमोठी. त्या काळी दारू म्हणजे कॉर्डाइट, शेवयांसारख्या काड्यांची. ती उन्हात तापली की नळीतला दाब चढतो. इंग्लंडच्या थंडीत ठीक चाललेलं काडतूस आफ्रिकेच्या किंवा आपल्या विदर्भाच्या उन्हात केस फुगवून घट्ट बसतं, खेचून निघत नाही. समोर रेडा आणि नळीत अडकलेली केस! म्हणून रिग्बी या लंडनच्या बंदूकवाल्याने केस ऐसपैस केली, दाब कमी ठेवला. शंभर वर्षांनीही ती लोकांना आवडते ती याच कारणामुळे.

गणिती
काका, दंडवत. तोळ्यांचा हिशेब फारच आवडला.

सोनारआळी
पाच तोळ्यांची गोळी झाडण्यापेक्षा रेड्याला बांगड्या करून घाला, निमूट बसेल.

जुनाबाजार
खडकीकरांनी कॉर्डाइट काढलंच आहे तर थोडं अवांतर.

जोडनळीच्या जुन्या रायफलींची यादी बघितलीत तर एक चमत्कारिक प्रकार दिसतो. .४६५, .४७०, .४७५, .४७६... सगळ्या एकमेकींच्या अंगावर चढलेल्या आणि कामाला जवळपास सारख्याच. एवढ्या कशाला? कारण हिंदुस्थान! १८९८ मध्ये रिग्बीने .४५० नायट्रो एक्सप्रेस काढली, ५०० ग्रेनला थोडी कमी गोळी, २१५० फूट. ती इतकी जमली की सगळ्यांनी उचलली. पण लष्कराची जुनी मार्टिनी-हेन्री बंदूक .५७७/.४५० ची, म्हणजे .५७७ ची केस आवळून तिला .४५० ची गोळी. १९०५-०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० व्यासाची काडतुसं आणायलाच बंदी केली. भीती ही की त्यातल्या गोळ्या काढून बंडवाले त्या मार्टिनी-हेन्रीत वापरतील. हिंदुस्थानातलं गिऱ्हाईक म्हणजे संस्थानिक आणि गोरे साहेब, ते सोडून कसं चालेल? मग लंडनच्या प्रत्येक बंदूकवाल्याने जरा जाड नवं काडतूस काढून बंदीला वळसा घातला. आज आफ्रिकेत .४७० घेऊन फिरणाऱ्या व्यावसायिक शिकाऱ्यांपैकी कितीकांना ठाऊक असेल की त्यांचं काडतूस हिंदुस्थानातल्या बंडाच्या धास्तीतून जन्मलंय?

कोकण्या
सरकार गोऱ्यांचं असो की आपलं, डोकं तेच. .३०३ लष्करी म्हणून नागरिकाला नाही, मग सरकारी कारखान्याने .३१५ काढून दिली. म्हणजे बंदूक चालते, फक्त गोळी फौजेच्या मापाची नको.

आमच्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, आजोबांपासूनची एकनळी बारा बोअर. पाच वर्षांत लोकसभा, विधानसभा, झेडपी. प्रत्येक आचारसंहितेला बंदूक पोलीस ठाण्यात जमा. डुकरांना आचारसंहिता लागू नसल्याने ती त्याच काळात भातात उतरतात. बंदूक परत मिळते तेव्हा नळीला गंज आणि शेतात चिखल.

आणि धागाकर्त्याला आमच्या आबांचा सल्ला: मेल्या, आधी नेम धरूक येता काय ता बघ.

बेलभक्त
तिन्ही फेटाळतो. डब्ल्यू. डी. एम. बेल, 'करामोजो' बेल. आयुष्यात हजाराच्या वर हत्ती मारले, त्यातले शेकडो .२७५ रिग्बीने. ७×५७ माउझर म्हणतात तेच काडतूस, हरणाचं! १७३ ग्रेनची पूर्ण धातूने मढवलेली गोळी. हत्तीची कवटी कापून आत मेंदू कुठे असतो याचा अभ्यास केला होता माणसाने. मोठ्या नळ्यांचा सोस हा पुरुषी अहंकार आहे. गोळी कुठे लागली एवढंच महत्त्वाचं.

मिसळसम्राट
आला! दर वेळी बेल येतो.

बेलभक्त महाराज, बेल हस्तिदंताचा धंदा करायचा. जनावर नीट उभं नसेल तर गोळी न मारता दुसऱ्या दिवशी परत जायला त्याला वेळ होता. धागाकर्त्याकडे रजा मोजकी, काठीवर टेकवलेली रायफल आणि कानाशी 'आता मार, आता मार' म्हणणारा शिकारी. शिवाय बेल हत्तीच्या मेंदूवर मारायचा. रेडा मारतात छातीत. दोन वेगळे मामले.

आणि कायद्याचं काय? टांझानियात अशा जनावरांना किमान .३७५ लागते. नामिबियात व्यास मोजत नाहीत, नळीच्या तोंडाशी किमान ५४०० जूल मागतात. तुमचं .२७५ तिथे ससा मारायला न्या.

बेलभक्त
कायद्याला नाईलाज आहे. भौतिकशास्त्र माझ्या बाजूने.

गणिती
भौतिकशास्त्र म्हणालात म्हणून आलो. आफ्रिकेत हस्तिदंताची शिकार करणाऱ्या जॉन 'पोंडोरो' टेलरने एक सूत्र दिलंय: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फुटांत, गुणिले व्यास इंचांत, भागिले ७०००. येतो तो 'नॉक-आउट' आकडा. जनावर किती हबकेल त्याचा अंदाज.

.३७५ चे ४० आणि थोडे. .४१६ चे ५७. .४५८ चे ७० च्या आत. .४७० चे ७३. .६०० चे दीडशेच्या वर. बेलच्या .२७५ चे १६.

शिकारी लोक हे आकडे गीतेसारखे घोकतात. आता हेच सूत्र क्रिकेटच्या चेंडूला लावा. साडेपाच औंस म्हणजे २४०० ग्रेन, ताशी १४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १२८ फूट, व्यास २.८ इंच. उत्तर १२३! बुमराहचा यॉर्कर .३७५ च्या तिप्पट. लिंपोपोला रायफल नेऊ नका, त्याला न्या.

बाकरवडी
हाहाहा. रेडा पायचीत.

सोनारआळी
रेडा रिव्ह्यू घेईल.

खडकीकर
गणितींनी सूत्राची बरी जिरवली. पण त्या सूत्रात जे नाही तेच मला सांगायचं होतं. गोळी कशाची बनवलीय याला त्यात जागाच नाही.

दोन जाती. मऊ टोकाची गोळी आत शिरली की छत्रीसारखी उमलते, मोठी जखम करते, पण उमलल्यामुळे लवकर थांबते. सॉलिड उमलत नाही, हाड फोडून आरपार जाते. रेड्यासाठी पूर्वापार रीत म्हणजे पहिली मऊ, मागच्या सगळ्या सॉलिड. पहिल्या वेळी रेडा कळपाजवळ उभा असतो. सॉलिड आरपार गेली तर मागची म्हैसही जखमी. एकदा तो पळायला लागला की तुमच्याकडे त्याची पाठ किंवा तिरका पुठ्ठा असतो. तिथून छातीपर्यंत पोचायला पोटातल्या ओल्या गवताचा मोठा ढिगारा पार करावा लागतो. ते काम सॉलिडचं.

आता शिसं आणि आवरण एकजीव केलेल्या गोळ्या मिळतात, पूर्ण तांब्याच्याही मिळतात. त्या उमलतात पण फुटत नाहीत. चांगली गोळी घातलेली .३७५ ही भिकार गोळी घातलेल्या .४५८ पेक्षा केव्हाही बरी. मित्राला काडतुसाचं नाव विचारू नका, डब्यावर गोळीचं नाव काय ते विचारा.

नाद_खुळा
आमच्या राधानगरी-दाजीपूरचा गवा बघितलाय का कुणी? ते संस्थानच्या काळी कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान. नर गवा हजार किलोच्या घरात जातो, म्हणजे तुमच्या केप बफेलोला मांडीवर घेऊन बसवंल. पण बिचारा निवांत. डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडला एक शिरला तर लोकांनी पळवून पळवून त्याचा जीव घेतला. एकही काडतूस लागलं नाही. डेंजरस गेम, म्हणजे धोक्याचं जनावर, कोण ते ठरवा राव.

वनराई
@नाद_खुळा, +१००. या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

फिरस्ती
गवा आला, तर मग वाघही येऊ दे. कॉर्बेटने काय वापरलं ते बघा. १९०७ ची चंपावतची वाघीण, ४३६ बळी. तेव्हा त्याच्या हातात .५०० ची जोडनळी होती. काडतुसं तीनच, ती संपली, शेवटी तहसीलदाराची बंदूक घेऊन धावला. त्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरने त्याला .२७५ रिग्बी भेट दिली. हो, बेलवालीच. १९३० मध्ये चौगडच्या वाघिणीसमोर तो याच रायफलीनिशी उभा होता. दुसऱ्या हातात रातव्याची दोन अंडी! वाघीण आठ फुटांवर. एका हाताने रायफल हळूहळू फिरवत आणली आणि झाडली. जड जोडनळी असती तर एका हाताने फिरली असती का, हा विचार करा.

तिकडे दक्षिणेत केनेथ अँडरसन .४०५ विंचेस्टर वापरायचा. हेच काडतूस थिओडोर रूझवेल्टने १९०९ मध्ये केनियात सिंहांसाठी नेलं होतं.

बेलभक्त
बघा! कॉर्बेटपण .२७५!

मिसळसम्राट
वाघ दोनशे किलोचा, कातडी पातळ, हाडं हलकी. रेडा त्याच्या तिप्पट-चौपट, फासळ्या एकमेकींवर चढलेल्या. आणि कॉर्बेटकडे .४५०/.४०० ची जोडनळीही होती, ती काय कोपऱ्यात शोभेला ठेवली नव्हती. कॉर्बेट सोयीपुरता वापरू नका.

तात्पुरता_सदस्य
अंडी फुटली का?

फिरस्ती
नाही. नंतर नेऊन परत घरट्यात ठेवली.

वनराई
हा माणूस मला चालेल.

अरुशाची_वहिनी
टांझानियातून लिहितेय. यजमान सफारी कंपनीचे हिशेब बघतात, त्यामुळे ही मंडळी आमच्याकडे जेवायला असतात आणि हेच वाद आमच्या टेबलावर होतात. मी पोळ्या लाटता लाटता ऐकलेलं सांगते.

जे धंदा म्हणून पाहुण्यांना रानात नेतात ते स्वतःकडे .४१६, .४५८ किंवा .४७० ची जोडनळी ठेवतात. पाहुण्याला मात्र बहुतेक सगळे .३७५ च सांगतात. का? एकदा मी विचारलं. तर म्हणाला, पाहुण्याने मारायचं असतं उभ्या जनावराला, साठ पावलांवरून, काठीवर टेकवून. मला मारायचं असतं धावत येणाऱ्याला, दहा पावलांवरून. दोघांचं काम एक नाही, तर हत्यार एक कशाला?

जोडनळीचंही ऐकलंय. दोन नळ्या, दोन चाप, दोन स्वतंत्र यंत्रणा. एक बिघडली तरी दुसरी हजर, आणि दुसरा बार काढायला हात हलवावा लागत नाही. पण त्या दोन गोळ्या एकाच जागी पडाव्यात म्हणून कारागिराला नळ्या ठोकून-जुळवून बसवाव्या लागतात, ती ठरावीक काडतुसालाच जुळलेली असते. किंमत विचारू नका, पुण्यात फ्लॅटचं बुकिंग होईल.

अजून एक. या लोकांच्या पाहुण्यांमध्ये भुवईवर टाके घातलेले बरेच दिसतात. दुर्बीण डोळ्याला चिकटवून मोठी रायफल झाडली की ती मागे येऊन कपाळावर चंद्रकोर काढते. आपल्याकडे कुंकू लावतात तिथेच, जरा डावी-उजवीकडे. दुर्बिणीपासून चार बोटं डोळा लांब ठेवा हो.

जोबर्गकर
वहिनी, कपाळ चुरचुरलं. सगळ्यांचे आभार, धागा वाया गेला नाही.

शनिवारी मित्राबरोबर रेंजवर जाऊन आलो. आधी .३७५. धक्का आहे, पण खांद्याला ढकलल्यासारखा. शंभर मीटरवर बशीएवढ्या जागेत गोळ्या बसल्या. मग .४५८. पहिला बार झाला तेव्हा हसू आलं. पुढे पुढे हसू गेलं.

मित्राने मग एक युक्ती केली. माझ्या हातात रायफल द्यायचा ती कधी भरलेली, कधी आत डमी काडतूस घातलेली. मला कळत नव्हतं कुठली. डमीवर चाप ओढला की नुसतं 'टक', आणि त्या क्षणी नळी कुठे जाते ते त्याने मोबाईलवर टिपलं. .४५८ च्या वेळी नळी चक्क एक वीत खाली झुकतेय, डोळे मिटलेले, खांदा पुढे. बाराच्या आवाजात हे कधी दिसलंच नसतं. .३७५ च्या डमीवर नळी जेमतेम हलते.

.४१६ अजून हातात आलेली नाही, ती रानावरच आहे. मिसळसम्राट आणि खडकीकर, तरीही .४१६ चा विचार करू का?

मिसळसम्राट
मनाने मी .४१६ वाला. ४०० ग्रेनची लांबट गोळी २४०० फुटांनी जाते तेव्हा ती जशी सरळ खोल घुसते तसं .३७५ ला जमत नाही. पण तुमचा व्हिडिओ डोळ्यांसमोर आणला आणि गप्प बसतो. रानावर पोचल्यावर अनोळखी रायफल हातात घेऊन दुसऱ्या दिवशी रेड्यापुढे उभं राहणं हा वेडेपणा. .३७५ घ्या आणि जाईपर्यंत काठीवरून सराव करा. बाकावर बसून नको, उभ्याने.

बेलभक्त
म्हणजे छोटंच काडतूस जिंकलं. नोंद घ्यावी.

गणिती
४० विरुद्ध १६ मध्ये ४० ला 'छोटं' म्हणायचं असेल तर नोंद घेतली.

नाद_खुळा
नेम कुठं धरायचा ते कुणी सांगितलंच नाही की.

अरुशाची_वहिनी
आडवा उभा असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत वर जा, अंगाचा खालचा एक तृतीयांश. लोक खांद्याच्या वशिंडाकडे बघून उंच मारतात. हृदय आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच खाली असतं, वरचा उंचवटा नुसता मणक्यांचा असतो. आणि पहिल्या बारानंतर कौतुकाने बघत राहायचं नाही. लगेच दुसरी गोळी भरायची, पडला तरी मारायची. पडलेल्या रेड्याजवळ पाठीकडून जायचं, लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून बघायचं. पापणी हलली तर अजून एक. इथे जखमी रेडा गवतात शिरला की माग काढायला आधी आफ्रिकी ट्रॅकर जातो, पाहुणा नाही. नेम नीट धरायचा तो त्या माणसासाठी.

वनराई
आणि मांस?

जोबर्गकर
@वनराई, सगळं वापरतात. बराचसा भाग रानावरच्या कामगारांना जातो, उरलेल्याचं बिल्टाँग करतात, मीठ-धणे लावून वाळवलेलं. वाया काही जात नाही, तेवढं मी विचारून घेतलंय.

वनराई
माझं मत बदललेलं नाही. पण हे विचारलंत हे बरं केलंत.

जोबर्गकर
ठरलं मग, .३७५. शेवटचा प्रश्न खडकीकरांना: मऊ आणि सॉलिड दोन्ही बरोबर असतील तर घाईत घोटाळा होऊ नये म्हणून कशी ठेवायची?

खडकीकर
निघायच्या आधी घरीच, सुरक्षित जागी, नळी कुणाकडे रोखलेली नाही ते पाहून, जे जे काडतूस नेणार ते प्रत्येक एकदा रायफलीत घालून बोल्ट बंद होतो का ते बघा. टोपी नीट बसलीय का, केसला कुठे चीर किंवा चेंबलेलं तोंड आहे का, बोटाने चाचपा. हजारात एखादं निघतं, ते तिथेच बाजूला काढा.

मऊ गोळी फक्त नळीत, बाकी मॅगझिन पूर्ण सॉलिडचं. म्हणजे पहिल्या बारानंतर काही निवडायचंच नाही. पट्ट्यावरही सॉलिडच लावा, जिथे हात आपोआप जातो तिथे. जादा मऊ काडतुसं पिशवीत, बटण लावून. पट्ट्यावर गोळीचं तोंड खाली ठेवा, बूड वर, चिमटीत धरून ओढायला बरं पडतं. डिंकाची चिकटपट्टी वगैरे केसला लावून खुणा करू नका, उन्हात चिकटा नळीत उतरतो.

आणि कानाला बोळे विसरू नका.

कोकण्या
आचारसंहिता नाही ना तिकडे सध्या? मग जा बिनधास्त.